जुन्या पद्मिनीचं आतलं काम घरीच करायचं आहे: काय ठेवू, काय बदलू?

कापूसकोंड्या
नमस्कार मंडळी. दिग्रसजवळ आमच्या गावी मोठ्या बाबांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी टिनाच्या शेडात बऱ्याच वर्षांपासून उभी आहे. इंजिन, ब्रेक आणि वायरिंग मिस्त्रीकडे दिलंय, त्यात मी हात घालणार नाही. आतलं काम मात्र घरीच करायची इच्छा आहे.

सध्याची स्थिती अशी. पुढचा अख्खा बाक शिवणीवर उसवलाय, खालून काथ्याचा भुगा पडतो. दरवाजांचे आतले हार्डबोर्डचे पुठ्ठे खालच्या अंगाने फुगलेत. छताचं कापड मधोमध लोंबतंय. हस्तिदंती रंगाच्या स्टिअरिंगला तडे. मॅट उचलला की पत्र्यावर गंज, पण आरपार भोक नाही.

यवतमाळला एका सीटवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "सगळं काढून टाका, जाड फोम आणि नवं रेक्झिन मारून देतो, लाल दोऱ्याची डिझाइन फ्री." घरचे म्हणतात देऊन टाक. मला मात्र बसल्यावर ती मोठ्या बाबांचीच गाडी वाटली पाहिजे. यातलं घरी काय जमेल, काय बाहेर द्यावं, आणि जुनं किती वाचवायच्या फंदात पडावं?

नागपुरी_संत्रं
पहिला प्रश्न विचारायचा राहिला. शेडात साप आहे का? :)

भिवापुरी_मिरची
भाऊ, मी सरळ सांगतो. सीटवाल्याले देऊन टाक अन् मोकळा हो. लोकं जुनं जुनं करत वर्षभर गाडी खोलून ठेवतात, मंग तिच्यात कोंबड्या अंडे घालते. लाल दोरा तेवढा नको म्हण.

चौथा_गियर
संत्र्यांचा प्रश्न थट्टेचा असला तरी अगदी बरोबर आहे. शेडात उभ्या गाडीच्या बाकाखाली उंदीर असतात, उंदरामागे साप येतो, आणि विंचवाला काथ्या फार आवडतो. चारही दारं उघडून ठेवा, बाकावर काठीने ठोका, मग हात घाला. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडू नका. ब्लीचचं पाणी फवारून ओल्या करा आणि मास्क-हातमोजे घालून पुसून घ्या. त्या धुळीतून आजार होतात, त्यामुळे हे कंटाळा करण्यासारखं काम नाही.

आता मुद्द्याचं. कापड, फोम, रंग हे सगळं नंतर. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. एकाला टॉर्च घेऊन आत बसवा, दुसऱ्याने बाहेरून मगाने पाणी ओतायचं: आधी पुढच्या काचेच्या रबरावर, मग मागच्या, मग एकेका दारावर. पुठ्ठे खालूनच फुगलेत म्हणजे पाणी दारातून आलंय. काचेच्या फटीतून दाराच्या पोकळीत पाणी उतरणारच, ती रचनाच तशी आहे. ते दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडायला हवं. आपल्याकडे काळ्या मातीची धूळ त्या भोकांत बसते, पहिल्या पावसात तिचा गारा होतो आणि भोकं बुजतात. मग दार आतून भरतं आणि पुठ्ठा ते पाणी पितो. बारीक तारेने भोकं मोकळी करा. दाराचा पत्रा आणि पुठ्ठा यांच्यामध्ये मूळ प्लॅस्टिकचा किंवा डांबरी कागदाचा पडदा असतो. तो बहुतेक मिस्त्री फाडून फेकतात आणि परत लावत नाहीत. जाड पॉलिथिन कापून तो पुन्हा लावा, खालची कड दाराच्या आत वळवून. एवढं केलं नाही तर नवा पुठ्ठा दोन पावसाळ्यांत पुन्हा फुगेल.

खोलताना बॅटरीची तार आधी काढा. काच चढवायच्या हँडलला स्क्रू दिसत नाही म्हणून लोक पकडीने ओढतात आणि दांडा वाकवतात. हँडलमागची वाटी दाराच्या बाजूला दाबली की आडवी पिन दिसते, ती बारीक खिळ्याने ठोकून काढायची. काही गाड्यांत पिनेऐवजी क्लिप असते. प्रत्येक पार्टचे स्क्रू वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर नाव. फोटो तर काढाच.

आणि कळीचं सांगतो: जुनं काहीही फेकू नका. फाटकं रेक्झिन, कुजका पुठ्ठा, लोंबतं कापड, सगळं. तोच तुमचा साचा आहे. काम पूर्ण होऊन गाडी रस्त्यावर येईपर्यंत त्यातलं एक चिंधूकही कचऱ्यात जाता कामा नये.

शिलाईवाली
चौथा_गियर भाऊंच्या शेवटच्या परिच्छेदाखाली माझी सही. मी हिंगणघाटला शिवणकाम करते. गाड्यांचं नाही, पण ट्रॅक्टरच्या सीटा आणि सोफे भरपूर शिवलेत.

कापूसकोंड्या दादा, बाकाचं जुनं कव्हर उसवा, फाडू नका. शिवणी ब्लेडने उकला, प्रत्येक तुकड्यावर मार्करने "पुढचा बाक, बैठक, डावी बाजू, वर" असं लिहा आणि बाण काढा. मग तुकड्यांना पाण्याचा हलका हात लावून ते सपाट करा आणि जाड कागदावर उतरवा. जुनं रेक्झिन कुठे आकसतं, कुठे ताणून मोठं झालेलं असतं, म्हणून समोरासमोरचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून पाहायचे आणि मधली रेघ धरायची. शिलाईचा दाब, म्हणजे शिवणीबाहेरची जास्तीची कड, जुन्याइतकाच सोडा.

घरच्या मशीनवर होईल का? साधी पायमशीन असेल तर होईल. १८ नंबरची सुई, नायलॉनचा दोरा, आणि टाका मोठा, चार मिलिमीटरच्या आसपास. टाका बारीक घातला तर रेक्झिनला ओळीने भोकं पडतात आणि बसल्यावर तिथूनच फाटतं. रेक्झिन मशीनच्या पायाखाली चिकटतं, त्यासाठी टेफ्लॉनचा पाय मिळतो. नाही मिळाला तर शिवताना वर पातळ कागद ठेवून नंतर फाडून काढा. पायपिंग, म्हणजे शिवणीतली गोल गोट, जिथे जोडते तिथे चार पदर येतात, तिथे मोटरवाली घरगुती मशीन रडते. पायमशीनचं चाक हाताने फिरवून ते चार-सहा टाके घालता येतात. शिवाय लाइट गेली तरी काम थांबत नाही, हे गावात महत्त्वाचं.

भिवापुरी_मिरची
ताई, आमच्याकडे लाइट येते कधी ते सांगा, गेल्याचं सोडा.

अँबीवाला_अकोला
माझी अँबेसिडर आहे, त्यामुळे पद्मिनीवाल्यांशी जन्माचं वैर :) तरी सांगतो.

बाकाचं कव्हर निघालं की खरा बाक दिसेल: स्प्रिंगा, त्यावर तरट, त्यावर काथ्या. स्प्रिंग तुटलेली असेल तर वेल्डिंग मारू देऊ नका. गावातला वेल्डिंगवाला "पाच मिनिटांत जोडतो" म्हणेल. स्प्रिंगच्या पोलादाला तसा ताप दिला की त्याची लवचिकता जाते आणि जोडाच्या शेजारी परत तुटतं. भंगारातल्या दुसऱ्या बाकातून तशीच स्प्रिंग काढून लावावी. सांगाडा ब्रशने घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा लाल प्रायमर) मारा.

स्प्रिंगांवर गोणपाट किंवा जाड कॅनव्हास ताणून बांधल्याशिवाय वर काहीही टाकू नका. सीटवाले तोच थर गाळतात आणि फोम थेट स्प्रिंगांवर ठेवतात. स्प्रिंग फोमला खालून कातरत जाते, बसणाऱ्याला वरून पत्ता लागत नाही, आणि एक दिवस खड्ड्यात बसल्यागत होतं.

फोम घ्यायचा तर बैठकीला ४० डेन्सिटी मागा, पाठीला ३२ चालतो. "सुपर सॉफ्ट" म्हणून दाखवतात तो घरच्या उशीला ठीक आहे. आणि जाडी जुन्या थराइतकीच. जाड फोम टाकला की माणूस वर येतो, डोकं छताला लागतं आणि स्टिअरिंग मांडीवर येतं. पद्मिनीत तर स्टिअरिंगखालीच गियरचा दांडा, त्यामुळे गुडघ्याचा हिशोब आधी करा.

वाशीमची_वाट
दादा, एक शंका. आमच्या घरचाच कापूस आहे. फोमऐवजी कापूस भरला तर? पिंजून देणारा ओळखीचा आहे. भाव पाहता व्यापाऱ्याला देण्यापेक्षा गाडीत भरलेला बरा.

नागपुरी_संत्रं
हा धाग्यातला सगळ्यात खरा प्रतिसाद. विदर्भात कापूस गाडीत भरूनच जातो, फक्त बैलगाडीत.

शिलाईवाली
वाशीमची_वाट, पूर्ण भरू नका. गादी आपण अधूनमधून उन्हात टाकतो, पिंजून घेतो. बाकातला कापूस कोण काढणार? महिन्या-दोन महिन्यांत बसण्याच्या जागी दबतो आणि कडेला गोळे होतात. शिवाय ओल धरतो आणि उंदरांना घर बांधायला आयतं सामान. हां, काथ्या किंवा फोमच्या वर, रेक्झिनच्या खाली, पिंजलेल्या कापसाचा पातळ थर पूर्वीचे कारागीर द्यायचे. त्याने फोमच्या कडा दिसत नाहीत आणि बाक गोलसर भरलेला दिसतो. तेवढा द्या, वरून मलमलचं कापड टाचून.

इंजिनिअर_बाबू
छतावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. विदर्भात छताचं कापड लोंबण्याचं मुख्य कारण ऊन आहे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला ४५ अंशांच्या वर जातात. बंद गाडीच्या टपाखाली त्याहून कितीतरी जास्त तापतं. साधा पांढरा फेविकॉल पत्र्यावर धरत नाही आणि स्वस्त स्प्रेचा गोंद त्या तापात मऊ पडतो. फेविकॉल एसआर ५०५ सारखं रबरी सोल्यूशन घ्या. दोन्ही बाजूंना पातळ लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग दाबायचं. एकदा चिकटलं की सरकवता येत नाही, म्हणून आधी खुणा.

पण पद्मिनीसारख्या गाडीत मूळ कापड पत्र्याला चिकटवलेलं नसतं. आडव्या तारांच्या कमानी असतात, कापडाच्या शिवलेल्या नेफ्यात त्या ओवतात आणि फक्त कडा चिकटवतात. कमानी काढताना पुढून मागे नंबर टाका. प्रत्येकीचं वळण वेगळं असतं, अदलाबदल झाली की कापड कधीच ताणलं जात नाही. लावताना मधली कमान आधी, मग पुढे-मागे ताण, शेवटी बाजू. बहुतेक जुन्या गाड्यांत कापडाची कड पुढच्या आणि मागच्या काचेच्या रबराखाली जाते, म्हणजे काच काढावी लागेल. माझ्या मते एवढा भाग जाणकाराकडून करून घ्या. काच तडकली तर बाकी सगळ्या कामापेक्षा ती शोधायला जास्त वेळ लागेल.

वेळ निवडताना ऊन उपयोगीही आहे. रेक्झिन घट्ट ताणून बसवायचं तर थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ होतं, सुरकुत्या मोडतात. सोल्यूशन लावायचं काम मात्र सकाळी लवकर. दुपारी ते ब्रशवरच वाळतं. त्याच्या वाफा पेट घेतात, त्यामुळे शेडाचं दार उघडं हवं आणि मिस्त्रीची बिडी बाहेर.

भिवापुरी_मिरची
बाबू, बिडीवर बोलाल तर मिस्त्री काम सोडून जाईन.

इंजिनिअर_बाबू
जाऊ द्या. शेड राहील.

मोर्शीचा_मोसंबी
पुठ्ठ्याबद्दल माझा सल्ला. हार्डबोर्ड कायले पाहिजे? दुकानांच्या बोर्डाले वापरतात ती एसीपी शीट (अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांत प्लॅस्टिक) कापा. पाणी लागत नाही, वाळवी खात नाही, हलकी. मी माझ्या जीपले लावली, झकास.

अँबीवाला_अकोला
जीपला दार तरी असतं का हो? :) एसीपी सपाट आहे तोवर ठीक. पद्मिनीच्या दाराला पुठ्ठा जरा वळण घेतो, तिथे एसीपी एक तर वळत नाही नाहीतर वळली की तशीच दुमडून राहते. शिवाय क्लिपांची भोकं तिच्यात पडली की कडा धारदार. मी ३ मिलिमीटरचं वॉटरप्रूफ प्लाय वापरलं.

चौथा_गियर
मला प्लाय आणि हार्डबोर्ड दोन्ही चालतात, फरक कडांमध्ये आहे. पाणी कडेतून शिरतं. कापून, भोकं पाडून झाल्यावर दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कडांना वॉर्निशचे दोन हात द्या, भोकांच्या आतूनही. नंतर रेक्झिन. जुना पुठ्ठा फुगलेला असला तरी त्याच्यावर दोन पाट ठेवून वजन द्या, सपाट झाला की नव्या शीटवर ठेवून पेन्सिलीने उतरवा. डाव्याचा उलटा म्हणजे उजवा असं समजून दोन्ही एकदम कापू नका. हँडल आणि आर्मरेस्टची भोकं तपासून घ्या.

क्लिपा मात्र पूर्वीसारख्या मिळत नाहीत. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी होती तोवर भंगारातून सगळं निघायचं. शेवटची पद्मिनी टॅक्सी म्हणून २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वयोमर्यादा २० वर्षांची, त्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून गेल्या आणि सुट्या भागांचा झराही आटला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अजून शोधता येतं, पण आता वेळ आणि नशीब लागतं.

खामगावी_चांदी
विषयांतर करतो, माफ करा. "पद्मिनी" म्हणता पण या गाडीचं मूळ नाव तर फियाट ना? आमच्याकडे अजूनही सगळे फियाटच म्हणतात.

चौथा_गियर
हो. इटालियन फियाट ११००, आणि आपल्याकडे मुंबईच्या प्रीमियर कंपनीने ती कुर्ल्यात बनवली. १९६४ ला ११०० डिलाइट, मग काही काळ प्रेसिडेंट, आणि १९७४ पासून पद्मिनी. त्याआधीच्या गोलमटोल मॉडेलला लोक डुक्कर फियाट म्हणायचे. इंजिन १०८९ सीसीचं.

अँबीवाला_अकोला
आणि अँबेसिडर १९५७ पासून २०१४ पर्यंत, उत्तरपाड्याला. कोण जास्त टिकलं ते मोजा. बस, एवढंच बोलून गप्प बसतो.

भिवापुरी_मिरची
टिकली काऊन, कलेक्टर साहेब सोडत नव्हते म्हणून. :)

जवसाचं_तेल
स्टिअरिंगचं राहिलं. तडे तसेच भरू नका. आधी हॅक्सॉच्या पात्याने तड्याला इंग्रजी व्ही सारखी खाच पाडा, म्हणजे भरण धरेल. आत लोखंडी कडं दिसलं तर गंज घासून काढा, नाहीतर तोच फुगून परत तडा पाडतो. मग एम-सील किंवा अ‍ॅरलडाइट. एम-सील लवकर घट्ट होतं, बोट पाण्यात बुडवून आकार देता येतो. अ‍ॅरलडाइटचं साधं पॅक रात्रभर सोडायचं, पण पकड चांगली. मोठ्या खाचेला एम-सील, बारीक रेघांना अ‍ॅरलडाइट. मग १२० चा पॉलिश पेपर, मग २२०, शेवटी ४०० ओला. प्रायमर, आणि वर पेंटरकडून मिळवलेला रंग. रंगाचा नमुना स्टिअरिंगच्या मागच्या, ऊन न लागलेल्या बाजूवरून घ्या. पुढची बाजू पिवळी पडलेली असते.

माझ्या नावावरून कोणी विचारेल म्हणून आधीच सांगतो. जुन्या इंग्रजी गाड्यांच्या लाकडी डॅशला जवसाचं तेल लावतात. आपल्याकडे जवस घरचं, त्यामुळे हौस येते. पण तेलात भिजलेली चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं, चुरगळलेल्या चिंध्यांत ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा. तुमच्या पद्मिनीला लाकूड नाही, तरी शेडात कोणी तेल वापरत असेल तर लक्षात असू द्या.

वाशीमची_वाट
बापरे, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे जवसाची घाणी होती, चिंध्यांचा ढीग कायम.

मेळघाट_मध
पिवळ्या पडलेल्या बटणांवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवतात, पांढरी होतात असं मोबाइलवर पाहिलं. कापूसकोंड्या भाऊंच्या स्टिअरिंगला?

जवसाचं_तेल
ते काम जुन्या कॉम्प्युटरच्या एबीएस प्लॅस्टिकवर होतं. १९७० च्या दशकातल्या स्टिअरिंगचं प्लॅस्टिक वेगळं. न दिसणाऱ्या जागी चाचणी केल्याशिवाय नको. साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने निम्मा पिवळेपणा धुतला जातो, कारण तो निम्मा मळच असतो. थिनर आणि पेट्रोल रेक्झिनला किंवा बटणांना लावू नका, चकाकी उडते.

खामगावी_चांदी
आणि छताच्या कापडावरचे हळदीचे डाग? आमच्या गाडीत वऱ्हाड बसलं होतं, पत्रावळी आतच उघडल्या.

शिलाईवाली
हळद उन्हाने उडते. साबणाने तेल काढा, मग कापड कडक उन्हात ठेवा, पिवळा फिका पडत जातो. सावजीचा रस्सा मात्र तेलासकट आत मुरतो, त्याला आशा सोडा.

नागपुरी_संत्रं
सावजीचा डाग म्हणजे नागपूरचा शिक्का. तो मूळ इंटिरिअर धरावा.

मोर्शीचा_मोसंबी
कापूसकोंड्या, ५० वर्षं झाली की व्हिंटेज नंबर मिळते ना? मग उगाच काही बदललं तर नाही म्हणतील का?

इंजिनिअर_बाबू
२०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी २० हजार, १० वर्षांसाठी, नंबरात व्हीए अक्षरं. अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. सीटचं कापड किंवा पुठ्ठा त्यात येत नाही. आणि ती रोजच्या वापराला किंवा भाड्याने लावायला नसते. १९७८ ची गाडी असेल तर २०२८ नंतर विचार करा. तोवर साधी खाजगी नोंदणीच नूतनीकरण करून चालू ठेवायची, कागद मोडू देऊ नका.

कापूसकोंड्या
सगळ्यांचे मनापासून आभार. साप नव्हता, विंचू दोन होते, संत्र्यांचा प्रश्न वाया गेला नाही.

पाण्याची चाचणी केली. पुढच्या काचेच्या रबराच्या उजव्या कोपऱ्यातून थेंब येतो, आणि दारांची तळातली भोकं चारही बुजलेली. आतून ओल्या मातीची ढेकळं निघाली, त्यात तांदळाचे दाणेही होते, कुठल्या लग्नाचे कोण जाणे.

आता ठरवतोय ते असं: पुठ्ठे, स्टिअरिंग आणि खालचा पत्रा घरी. छत आणि काच यवतमाळला एका जुन्या कारागिराकडे, पण कमानींचे नंबर मी टाकून देणार. बाक मी उसवतो, साचे काढतो, आणि शिलाईवाली ताई, हिंगणघाट आम्हाला लांब नाही. तुम्ही बाकाचं काम घ्याल का? साचे आणि रेक्झिन मी आणतो. अडकलोय ते रेक्झिनच्या रंगावर. मूळ मेंदीसारखा हिरवा होता, तो मिळत नाहीये. घरचे म्हणतात चॉकलेटी घे.

भिवापुरी_मिरची
मी म्हतलं होतं सीटवाल्याले दे. आता ताईले देऊन राहिला, म्हणजे माझंच खरं.

शिलाईवाली
घेईन दादा, पण हंगाम पाहून. दिवाळीनंतर ये. रेक्झिनचा पन्हा, म्हणजे थानाची रुंदी, ५४ इंच असतो. बाकाची रुंदी आणि दोन्ही बाजूंची वळणी एका पन्ह्यात बसत नाही, म्हणून बाजूच्या पट्ट्या वेगळ्या कापाव्या लागतात. जुन्या कव्हरातही तसंच असेल, पाहून घे. सगळं एकाच थानातून घे. नंतर मीटरभर जास्तीचं आणायला गेलास तर दुसऱ्या थानाची छटा वेगळी निघते.

रंगाचं म्हणशील तर बाकाच्या खालच्या बाजूचा, कव्हर मुडपलेला तुकडा कापून दुकानात ने. त्याला ऊन लागलेलं नाही, खरा रंग तिथेच आहे. मोबाइलवरचा फोटो नेऊ नको, दुकानदार प्रत्येक हिरव्याला "हाच" म्हणेल.

अँबीवाला_अकोला
हिरवा न मिळाल्यास चॉकलेटी घेऊ नका, उन्हात बसवत नाही. मे महिन्यात गडद रेक्झिनवर हाफ पँट घालून बसून दाखवा. फिका राखाडी किंवा क्रीम पाहा.

खामगावी_चांदी
क्रीमवर काळ्या मातीचे पाय? दिग्रसला?

अँबीवाला_अकोला
मग चप्पल बाहेर काढून बसायचं. देवळात काढता ना?

चौथा_गियर
कापूसकोंड्या, खालच्या पत्र्याचं एक राहिलं. गंज घासून रेड ऑक्साइड आणि वर रंग दिल्यावर नमदा (मॅटखालचा जाड लोकरी थर) लगेच चिकटवू नका. एक पाऊस जाऊ द्या, नुसता रबरी मॅट टाकून फिरवा आणि रोज मॅट उचलून बघा. कोरडं राहिलं तरच नमदा. तो एकदा भिजला की वरून कोरडा दिसतो आणि खालून पत्रा खात राहतो. आणि कोपऱ्यातला थेंब काचेचं रबर बदलल्याशिवाय थांबणार नाही, वरून सिलिकॉन फासून कोणी "झालं" म्हणालं तर ऐकू नका. काच छतासाठी निघणारच आहे, त्याच वेळी रबर नवं टाकून घ्या.

मेळघाट_मध
दाराच्या रबरी बिडिंगबद्दलही कोणी सांगा. मी माझ्या गाडीला नवं लावलं तर दार दोनदा आपटल्याशिवाय लागतच नाही.

चौथा_गियर
बाजारातलं बिडिंग बहुतेकदा मूळच्यापेक्षा जाड असतं. जुन्याचा दोन इंचाचा तुकडा नेऊन त्याचं तोंड नव्याशी जुळवून घ्यायचं. लावून झालंच असेल तर बिडिंगला खडू फासा, दार हळू लावा, उघडा. चौकटीवर खडू जिथे दाट उमटलाय तिथे रबर अडतंय, जिथे उमटलाच नाही तिथून पाणी येईल. आपटणं बंद करा, त्याने कुलपाची पट्टी सरकते.

भिवापुरी_मिरची
आमच्या घरचं दार पण दोनदा आपटल्याशिवाय लागत नाही. खडू चालते का?

शिलाईवाली
त्याला सुतार लागतो भाऊ. रंधा घेऊन.